पुस्तकातील आई आणि पडद्यावरील आई

वाचकहो, एका भांडणाची हकिगत सांगतो. भांडण मोठे नव्हते, पण रात्री साडेनवाला सुरू झाले ते साडेअकरापर्यंत चालले, आणि ते मिटवायला मला बसवले होते. मला ते मिटवता आले नाही. का आले नाही, हे सांगायचे तर थोडा इतिहास सांगावा लागेल.

साने गुरुजींच्या जन्माला २४ डिसेंबर २०२४ रोजी १२५ वर्षे पूर्ण झाली. ते निमित्त धरून आमच्या पुसेगावातल्या काही तरुण मंडळींनी एका रात्री शाळेच्या पटांगणात पांढरे कापड ताणले आणि ‘श्यामची आई’ हा चित्रपट दाखवला. नवा नव्हे, जुना, आचार्य अत्र्यांचा. थंडी मनस्वी पडली होती. बायामाणसे गोधड्या पांघरून आली होती, पोरेटोरे पुढे सतरंजीवर, आणि आमच्यासारखे अर्धवट शहाणे मागे खुर्च्यांवर.

पुसेगाव म्हटले की पुष्कळांना सातारा जिल्ह्यातले, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचे पुसेगाव आठवते. ते आमचे नव्हे. आमचे पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले. १ मे १९९९ पर्यंत हिंगोली हा जिल्हाच नव्हता, आम्ही परभणीचे. आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्याचे. हे सगळे मी भूगोलाचा तास घ्यावा म्हणून सांगत नाही; पुढे त्याचे काम पडणार आहे.

तर चित्रपट संपला. आई गेली. बायांनी डोळे पुसले, आणि माझ्या शेजारी बसलेला, आमच्याच महाविद्यालयात बी. ए. ला असलेला एक विद्यार्थी म्हणाला, “सर, लई रडवतेत हो. दोन मिनिटं झाली की रडणं.” त्याच्या पलीकडे गावच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी बसले होते. ते तडकून म्हणाले, “रडवतात ते सोड. पुस्तकाची माती केली आहे. अर्धं पुस्तक गायब, आणि पुस्तकात नाही ते गाणं मात्र घुसडलंय.” समोर गोधडीत एक आजी होत्या. ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी मान वळवली आणि विचारलं, “काय ऱ्हायलं त्यात? मला तं पुरा दिसला.”

इथे ठिणगी पडली. मग म्हणे, सर इतिहासाचे, त्यांनाच विचारा.

आता मी इतिहासाचा मास्तर आहे, चित्रपटाचा पारखी नव्हे. पण कोणी भांडायला लागले, की भांडणारी माणसे कुठून आली, कोणत्या वाटेने आली, ते पाहण्याची खोड आम्हा लोकांना असते. या तिघांच्या वाटा पाहू गेले तर त्या निरनिराळ्या निघतात.

आधी गुरुजींची वाट. ही पुस्तकाची वाट. पांडुरंग सदाशिव साने हे कोकणातल्या पालगडचे, जन्म १८९९ चा. त्यांची आई १९१७ साली गेली. पुढे सोळा वर्षांनी, १९३३ च्या फेब्रुवारीत, सत्याग्रही म्हणून नाशिकच्या तुरुंगात असताना त्यांनी या आठवणी लिहायला घेतल्या. ९ तारखेला सुरुवात केली आणि १३ तारखेच्या पहाटेपर्यंत पुस्तकाचा बराचसा भाग लिहून काढला. चार-पाच दिवसांचे काम! हात असा कसा चालला असेल? माझ्या मते याचे एक कारण त्याच्या आदल्या वर्षात आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा कैद्यांपुढे गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते बोलणे जसेच्या तसे उतरून घेत होते. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक असे झाले. म्हणजे बोलणाऱ्याचा शब्द हवेत विरायच्या आत कागदावर धरायची त्यांच्या हाताला सवय लागलेली होती. पुढच्याच वर्षी त्याच हाताने ‘श्यामची आई’ लिहिली, आणि पाहा, तिची मांडणीसुद्धा प्रवचनांची आहे. आश्रमात संध्याकाळी मित्र जमतात, श्याम एकेका रात्री एकेक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री.

याला कादंबरी म्हणावे की आत्मचरित्र, यावर मराठीच्या प्राध्यापकांनी वाद घालावा. त्यांच्या तासाला मी हात लावत नाही. वाचणाऱ्यांनी मात्र ती कादंबरीसारखीच वाचली आणि खऱ्या गोष्टीसारखी मानली. माझे म्हणणे एवढेच की हे पुस्तक मुळात *सांगणे* आहे. गुरुजींची तक्रार मला इथे पुरेपूर पटते. पुस्तकात आई जिवंत असतानासुद्धा ती गेलेली आहे, कारण सांगणारा मोठा झालेला श्याम आहे आणि ऐकणाऱ्यांना ते ठाऊक आहे. आई त्याला रागावते, त्याच्यासाठी अंगावर तेल जिरवते, खोट्या भीतीने लपलेल्या पोराला काठीने बाहेर काढून पोहायला धाडते, आणि प्रत्येक ओळीच्या मागे एक पोरका माणूस बसलेला असतो. पडद्यावर हे नाही होत. पडद्यावर जे दिसते ते आत्ता घडते. आई आत्ता आहे, आणि शेवटी आत्ता जाते. मागून निवेदकाचा आवाज घातला तरी डोळे काही कानांचे ऐकत नाहीत. बेचाळीस रात्री दोन-अडीच तासांत बसणार नाहीत हे तर उघडच आहे. पण गुरुजींचे दुःख रात्री गळल्याचे कमी आणि सांगणारा गळल्याचे जास्त होते. त्यांना ते नीट मांडता येईना, म्हणून ते बिचारे गाण्यावर घसरले.

हे गाणे म्हणजे द्रौपदीच्या चिंधीचे. कृष्णाच्या बोटातून रक्त आले, सख्ख्या बहिणीला शालू फाडवला नाही, आणि मानलेल्या बहिणीने पीतांबराची चिंधी दिली, ही ती गोष्ट. गाणे अत्र्यांनी चित्रपटासाठी लिहिले, वसंत देसायांनी त्याला चाल दिली, आशा भोसल्यांनी ते म्हटले. साने गुरुजींच्या पुस्तकात ते नाही हे खरे. पण मग ही गोष्ट अशा रूपात व्यासांच्या भारतात तरी कुठे आहे? ती बायकांच्या ओव्यांत, कीर्तनात, घरोघरच्या सांगण्यात वाढलेली. त्या रात्री पटांगणात एकाही बाईला हे गाणे परके वाटले नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

अत्र्यांची निवड हीसुद्धा त्या काळी अनेकांना गंमतीची वाटली असल्यास नवल नाही. ‘झेंडूची फुले’ लिहून कवींची टोपी उडवणारे अत्रे, ज्यांच्या लेखणीतल्या ‘ब्रह्मचारी’मधल्या पोहण्याच्या पोशाखाने १९३८ साली महाराष्ट्राची झोप उडवली ते अत्रे, त्यांनी साने गुरुजींची आई पडद्यावर आणायची! पण आणली खरी. ६ मार्च १९५३ ला चित्रपट प्रकाशित झाला. साने गुरुजी ११ जून १९५० लाच गेले होते, त्यामुळे आपली आई पडद्यावर कशी दिसते हे त्यांनी पाहिले नाही. आईचे काम केले वनमालाबाईंनी. ग्वाल्हेरच्या सरदार घराण्यातल्या, सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मधल्या नायिका. श्याम झाला माधव वझे हा मुलगा. पुढे ते इंग्रजीचे प्राध्यापक नि नाट्यसमीक्षक झाले. १९५४ साली केंद्र सरकारने चित्रपटांना राष्ट्रीय पारितोषिके द्यायला सुरुवात केली, आणि पहिल्याच वर्षीचे उत्कृष्ट कथापटाचे सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळाले. बिमल रॉय यांचा ‘दो बीघा जमीन’ त्याच वर्षीचा. त्याला गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र मिळाले. कोणाला कोणते मिळायला हवे होते, यावर आजही दोन रसिक भेटले तर तीन मते निघतील.

लेखक गेल्यावर तीन वर्षांत चित्रपट निघाला, ही गोष्ट मला विचारात पाडते. १९३७ चा ‘कुंकू’ ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून निघाला, पण तिथे खुद्द आपट्यांनीच पटकथा लिहिली होती. वाचकाला चित्रपट रुचला नाही तरी भांडायचे कोणाशी? लेखकाशीच? पुस्तकाचा धनी निघून गेलेला असला म्हणजे मात्र वाचक स्वतःच धनी होऊन बसतो. तिकडे बंगालमध्ये विभूतिभूषण बंद्योपाध्यायही १९५० सालीच गेले, आणि पाच वर्षांनी सत्यजित रायांचा ‘पथेर पांचाली’ आला. कादंबरीत म्हाताऱ्या इंदिर ठाकरुणचा मृत्यू अगदी सुरुवातीला होतो. रायांनी त्या म्हातारीला चित्रपटात बराच वेळ जगवले. ज्यांच्या घरी ते पुस्तक होते त्यांना हे लगेच खटकणार. ज्यांच्या घरी नव्हते त्यांना ती म्हातारी आवडून गेली, आणि जगभर अशीच माणसे जास्त होती.

आता आजींच्या वाटेकडे येऊ. माझ्या लेखी खरा इतिहास या वाटेवर आहे.

ज्या वेळी हे पुस्तक पुण्या-मुंबईकडे, खानदेशात घराघरांत पोचत होते, त्या वेळी पुसेगावात काय होते? निजामी अंमलात वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले १९१८ साली, त्याचेही माध्यम उर्दू. सभा भरवायची तर गश्ती निशाण ५३ आडवे येई. परवानगी मागा, वाट पाहा. माझे आजोबा उर्दूतला कागद झरझर वाचत; मराठी बालबोध पुस्तक हाती दिले तर बोट ठेवून, अडखळत. मातृभाषा मराठी, आणि वाचायची सवय दुसऱ्याच लिपीची! अशी माणसे त्या पिढीत आमच्याकडे काही कमी नव्हती. आणि बायांचे तर विचारूच नका. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई सुरू झाली, १७ ला निजाम शरण आला, आणि मग कुठे मराठी शाळा, मराठी वाचनालये यांनी आमच्याकडे मूळ धरले. ‘श्यामची आई’ चित्रपट निघाला तेव्हा स्वतंत्र होऊन आम्हाला पाच वर्षेही झाली नव्हती. जिल्हा परभणी, राज्य हैदराबाद. मुंबई राज्यात आम्ही आलो १९५६ च्या नोव्हेंबरात.

तेव्हा आजींनी हा चित्रपट पाहिला तो पुस्तक न वाचता. वाचण्याचा प्रश्नच नव्हता, अक्षरओळख नाही. मी त्यांना विचारले, “आजी, पहिल्यांदा कधी पाहिला होता?” त्या म्हणाल्या, “लग्न झालं अन दुसऱ्या का तिसऱ्या साली. जत्रंत तंबू आलता. मशीन धडधड वाजे, त्या आवाजात अर्धं ऐकू येईना. सासू संगं होती. सासू रडली तवा मला लई नवल वाटलं.” एवढे बोलून त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “रडणारी नव्हती ती.”

ज्या तरुणाला चित्रपट फार रडवणारा वाटला होता, तो हे ऐकून गप्प झाला. त्याची चूक होती असे मी म्हणणार नाही. रडण्याचाही एक जमाना असतो. आजींच्या सासूला वर्षातून एखाद वेळी, अंधारात, चार बायांत बसून रडायला मिळाले असेल. या मुलाच्या हातात रोज तासन्‌तास हलती चित्रे असतात. त्याला रडायला जत्रेची वाट पाहावी लागत नाही.

आजींना कोणता प्रसंग आठवत होता? तळव्यांना माती लागू नये म्हणून आई पदर पसरते, तो. आंघोळ झालेला श्याम दगडावर उभा आहे, पाय खाली ठेवायला तयार नाही; आई आपले लुगडे पसरून त्याला पाय टेकू देते आणि मग सांगते की मनही असेच जप. आजींच्या आठवणीत हे सारे कयाधूच्या काठावर घडले होते! समुद्र, माड, जांभा दगड, कोकणातला तो मरणाचा पाऊस, यांतले काहीच त्यांनी लक्षात ठेवले नव्हते. आई मराठवाड्याची होती, नदी मराठवाड्याची होती. पुस्तकात पावसासाठी देवाला साकडे घातल्याचे एक प्रकरण आहे, ते मी आजींना सांगितले तर त्या म्हणाल्या, “मंग? महादेवाची पिंड पाण्यात बुडवतेतच की. आमच्याकडंच असंल ते.”

आणि याच ठिकाणी मला माझेच जुने भांडण आठवले. मी पुस्तक सातवीत वाचले. वाचताना डोळ्यांपुढे जी आई उभी राहिली ती माझ्या आजोळची, कासोटा घातलेली, उन्हाने रापलेली, “लेकरा” म्हणून हाक मारणारी. पुढे दूरदर्शनवर चित्रपट पाहिला आणि मी खट्टू झालो. ही गोरी, शुद्ध बोलणारी बाई कोण? माझी आई कुठे गेली? किती तरी दिवस मी अत्र्यांवर रुसून होतो. आज लक्षात येते की माझी नि आजींची तक्रार एकच होती, फक्त आजींनी ती कधी केली नाही. त्यांनी सरळ पडद्यावरची आई उचलली आणि आपल्या नदीवर नेऊन बसवली.

आमच्या भागाला याची सवयही आहे. नामदेवांची नरसी आमच्या जवळच. कीर्तन, भारूड, पोथी यांवर वाढलेला हा मुलूख. श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’ पारायणाला लावला तर मध्येच उठून “व्यासांनी असे लिहिलेले नाही” म्हणणारा माणूस मी तरी पाहिला नाही. एकच आख्यान एक बुवा हसवून सांगतो, दुसरा रडवून सांगतो. लोक घरी जाताना बुवांविषयी बोलतात, गोष्ट बदलली म्हणून फिर्याद करत नाहीत. फिर्याद करायला मूळ प्रत घरात असावी लागते. गुरुजींच्या घरात ती होती, आणि तीही मोठ्या कष्टाने आलेली होती. पगारातून पैसे वाचवून घेतलेली. म्हणून मी त्यांच्या रागाला हसत नाही. आजींपाशी मूळ प्रत म्हणून काही असेलच तर ती तंबूतली. अत्र्यांचा चित्रपट हेच त्यांचे पुस्तक. उद्या कोणी त्यांना साने गुरुजींचे पुस्तक वाचून दाखवले, तर ‘हे गाणं गाळलंय यात’ असे त्या म्हणतील, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरच असेल.

नव्या पिढीची मूळ प्रत आणखी वेगळी होऊ पाहत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी ‘श्यामची आई’ पुन्हा पडद्यावर आणली. यांनीच आधी मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’ कादंबरीवर चित्रपट केला होता, तेव्हा वाचकांच्या रागालोभाची ओळख त्यांना असणारच. नव्या चित्रपटात ओम भूतकर साने गुरुजी झाले आहेत, गौरी देशपांडे आई. चित्र पुन्हा काळेपांढरेच; अत्र्यांच्या वेळी सगळेच तसे होते, आता मुद्दाम ठरवून. या वेळी लहान श्यामच्या जोडीला तुरुंगातले, चळवळीतले गुरुजी आले आहेत. म्हणजे आमच्या गुरुजींचा हरवलेला सांगणारा एका परीने परत आला म्हणा ना! २०२५ साली याला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. माझ्या वर्गात यावरही दोन तट पडले. काहींना लढणारे गुरुजी आवडले, ‘रडके’ हा शिक्का पुसला गेला असे वाटले. एक मुलगी म्हणाली, “सर, पण मग नाव बदलायचं ना. ‘आईचा श्याम’ ठेवायचं.” तिला मी उत्तर देऊ शकलो नाही.

पण त्या रात्रीचे भांडण इथे संपले नव्हते. किंबहुना खरे भांडण पुढेच लागले.

आमच्या बौद्धवाड्यातले एक काका आहेत. एस. टी. त कंडक्टर होते, आता निवृत्त. शाळेत असताना त्यांनी हे पुस्तक वाचलेले. ते इतका वेळ खुर्चीच्या पाठीला हात लावून उभे होते. बोलणे चित्रपटावरून पुस्तकावर गेले तसे ते पुढे आले आणि म्हणाले, “सर, एक विचारू? पुस्तकात गाईला नाव आहे. मोरी. मोलकरणीला नाव आहे, मथुरी. ती मोळीवाली म्हातारी आहे, तिला नाव काहून नाही?”

ज्यांनी पुस्तक वाचले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एका रात्रीची ही आठवण. महार समाजातली एक म्हातारी. तिची लाकडाची मोळी डोक्यावरून पडते, तिला ती उचलून देणारा कोणी नाही, कारण तिला शिवायचे कोणी? आई श्यामला सांगते, जा, तिला हात लाव, मोळी डोक्यावर दे. आणि घरी येऊन आंघोळ कर. श्याम जातो, मोळी देतो, लोक पाहत राहतात. तो येऊन आंघोळ करतो.

गुरुजी म्हणाले, “त्या काळच्या मानाने ते फार मोठं होतं.”

काका म्हणाले, “मी नाही म्हणत नाही, गुरुजी. तेवढं तरी कोण करत होतं? पण वर्गात हा धडा वाचला तेव्हा सगळे माझ्याकडं बघत होते. मी मोळीकडं नाही बघितलं. मी त्या आंघोळीकडं बघितलं.”

बराच वेळ कोणी बोलले नाही. जनित्र बंद केलेले होते, त्यामुळे शांतता जास्तच वाटली.

हा प्रश्न मी पुढे वर्गात नेला. मुलांना म्हटले, समजा हा प्रसंग तुम्हाला चित्रित करायचा आहे; आंघोळ दाखवाल की गाळाल? निम्म्याहून अधिक म्हणाले, गाळू. कारण आई थोर आहे, तिच्या थोरपणाला उगीच डाग कशाला? काही म्हणाले, दाखवू, कारण पुस्तकात आहे. एक जण म्हणाला, दाखवू, पण म्हातारीच्या बाजूने: ती मोळी घेऊन पुढे गेली आहे, आणि मागे विहिरीवर पाणी ओतल्याचा आवाज तिला ऐकू येतो. या मुलाने चित्रपटाचे शिक्षण वगैरे काही घेतलेले नाही. त्याचे वडील हळदीच्या शेतात रोजंदारीने जातात.

माझे मत विचाराल तर आंघोळ गाळू नये. हा प्रसंग साधारण १९१० च्या सुमाराचा. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. लिहिला गेला १९३३ मध्ये, पुणे करारानंतर काही महिन्यांनी. लिहिणाऱ्याला ती आंघोळ गाळता आली असती. आईची भक्ती करणाऱ्या मुलाने तर ती गाळायलाच हवी होती. त्याने ती ठेवली. म्हणजे आई जेवढी चालली तेवढीच तिला चालू दिली, आपल्या सोयीसाठी पुढे ढकलली नाही. पुढचे अंतर तो स्वतः चालला. १ मे १९४७ ला पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना उघडावे म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले, आणि मंदिर उघडले. मोळी उचलून देऊन आंघोळ करणाऱ्या मुलापासून पंढरपूरच्या त्या माणसापर्यंत जे अंतर आहे ते आंघोळ गाळली तर दिसणारच नाही. चित्रपट निर्दोष होईल, आणि त्यातला इतिहास मात्र निघून जाईल.

हे सगळे मी त्या रात्री पटांगणातही, जरा आवेशानेच, सांगितले. मास्तर लोकांना तेवढा मोह आवरत नाही. काकांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “पंढरपूरचं खरं आहे, सर. पण माझा प्रश्न नावाचा होता.”

खरेच. मी उत्तर दिले होते ते त्यांनी न विचारलेल्या प्रश्नाचे.

माझ्यापाशी पुस्तकाची प्रत होती, सातवीत बक्षीस मिळालेली, पुठ्ठा निसटलेली. आजी म्हणाल्या, “ती म्हातारीची गोष्ट वाच बरं.” मोबाईलच्या उजेडात मी ती रात्र वाचून दाखवली. आजींनी पुस्तकातले असे कधीच काही ऐकले नव्हते. गुरुजी डोळे मिटून बसले होते. वाक्य माझ्या तोंडून यायच्या आधी त्यांचे ओठ हलत होते. विद्यार्थी पुढे सरकून बसला होता. वाचून झाले तेव्हा आजी काकांकडे पाहून म्हणाल्या, “त्या लेकराला तरी काय ठावं असंल, बापू? तिचं नाव तिला कोणी इचारलंच नसंल.”

काकांनी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, मला अंधारात कळले नाही. जाताना त्यांनी पुस्तक मागितले, एकदा पुन्हा सगळे वाचतो म्हणाले. ती प्रत अजून त्यांच्याकडेच आहे. मधे एकदा बसस्थानकावर भेटले तेव्हा सांगत होते, तिसाव्या रात्रीपर्यंत आलो आहे, आणि समासात पेन्सिलीने थोडे लिहिले आहे, तुम्हाला राग तर येणार नाही ना?